विषय आधी, गाव मागून

प्रश्न : माझे वय ६६ असून मी टपाल खात्यातून निवृत्त झाले आहे. यजमान ७१ वर्षांचे आहेत. ते वीज मंडळात होते. दोघांच्या पेन्शनवर घर व्यवस्थित चालते, परंतु प्रवासासाठी वर्षाला साठ हजारांपेक्षा जास्त रक्कम बाजूला पडत नाही. मागच्या वर्षी आम्ही एका सहल कंपनीबरोबर दहा दिवसांत चौदा ठिकाणे केली. परत आल्यावर फोटो पाहताना कोणते देऊळ कोणत्या गावचे, हे दोघांनाही सांगता येईना. अमेरिकेत असलेली भाची म्हणते की, तिकडे निवृत्त लोकांना शिकत शिकत प्रवास करता येईल अशी स्वस्त सोय असते. आपल्याकडे तसे काही आहे का? मला लेणी आणि शिल्पे यांची आवड आहे, पण समजत काही नाही. गुडघे कुरकुरतात. यजमानांचे म्हणणे, "दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचे?" मुलगा यंदाही दीड लाखाचे आरक्षण करून देतो म्हणून मागे लागला आहे. काय करावे?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

फोटोतले देऊळ ओळखू आले नाही, हे तुम्ही संकोचाने लिहिले आहे. पण त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. दहा दिवसांत चौदा गावे, त्यांतच जेवणाच्या वेळा, सामानाची चढउतार आणि साड्यांच्या दुकानापुढचा हमखास थांबा, एवढे सगळे बसवल्यावर एखाद्या देवळाच्या वाट्याला पाऊण तास आला, तर त्या पाऊण तासात चपला काढून ठेवण्याची जागा शोधण्यापलीकडे फारसे काही होत नाही. खर्चही त्याच धावपळीचा होतो. प्रवासात पैसा जातो तो मुख्यतः हलण्यात: रोज नवे हॉटेल, रोज गाडी, आणि रोज कोणी तरी तुमची सोय लावून देण्याचा मोबदला. म्हणून शिकण्यासाठी केलेला प्रवास आणि स्वस्तातला प्रवास यांची वाट बऱ्याच अंतरापर्यंत एकच आहे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. आधी विषय ठरवावा, तो घरबसल्या थोडा वाचावा आणि मग त्या विषयापुरत्या एकाच गावी मुक्काम ठोकावा.

तुमच्या भाचीने सांगितलेली गोष्ट खरी आहे आणि तिच्या मुळाशी असलेली युक्ती आपल्याला उपयोगी पडणारी आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात १९७५ साली मार्टी नोल्टन आणि डेव्हिड बिआंको या दोघांनी 'एल्डरहॉस्टेल' नावाचा उपक्रम सुरू केला. नोल्टन युरोपात पायी भटकून आले होते. तरुणांना अल्प दरात राहू देणारी तिथली वसतिगृहे आणि प्रौढांसाठी चालणाऱ्या लोकशाळा त्यांनी पाहिल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या भागातल्या महाविद्यालयांच्या खोल्या रिकाम्या पडतात आणि शिकवणारे प्राध्यापकही तिथेच असतात, तर वयस्कर मंडळींना आठवडाभर तिथे राहायला आणि शिकायला का बोलावू नये, असा साधा विचार त्यामागे होता. पहिल्या उन्हाळ्यात पाच महाविद्यालयांत मिळून २२० जण आले. पुढे तो व्याप जगभर पसरला आणि २०१० पासून तो 'रोड स्कॉलर' या नावाने ओळखला जातो. मात्र आजच्या त्यांच्या परदेशी सहलींचे दर आपल्या पेन्शनीत बसणारे नाहीत, हेही भाचीला कळवा. आपल्याकडे त्या धर्तीची व्यवस्था आयती हाती येत नाही. ती स्वतःच जुळवावी लागते. रिकामी खोली, रिकामा हंगाम आणि शिकवायला उत्सुक माणूस, या तीन गोष्टी एकत्र आणल्या की झाले. पुण्यात राहणाऱ्या माणसाला त्यांतली तिसरी गोष्ट तर दारातच मिळते.

आता विषयाकडे वळू. तुम्हाला लेणी आवडतात, पण 'लेणी' हा विषय एवढा मोठा आहे की त्यात शिरल्यावर माणूस पुन्हा फोटोच काढू लागतो. म्हणून मी तुम्हाला त्यातला एकच धागा सुचवतो: लाकडाची फासळी, म्हणजे कमानदार छपराला आतून लावलेली वाकवलेली पट्टी. आपल्याकडचे सुरुवातीचे चैत्य, म्हणजे बौद्धांची प्रार्थनागृहे, लाकडी होती आणि ती टिकली नाहीत. ती बांधणाऱ्यांनी किंवा त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी डोंगर कोरायला घेतला, तेव्हा हातातली सवय सुटली नाही आणि दगडातही लाकडाचेच घर उभे राहिले. ही सवय हळूहळू कशी बदलत गेली, एवढेच वर्षभर पाहायचे. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर या गोष्टीचे पहिले पान आहे आणि छत्रपती संभाजीनगरजवळ शेवटचे.

पहिले पान म्हणजे भाजे. पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे. एका माणसाचे तिकीट वीस रुपयांच्या आत आहे. स्टेशनपासून भाजे गाव दीड-दोन किलोमीटरवर आहे आणि लेण्यांच्या पायऱ्या कार्ल्यापेक्षा बऱ्याच कमी आहेत, त्यामुळे गुडघ्यांची परीक्षा इथूनच सुरू करणे शहाणपणाचे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास कोरलेल्या तिथल्या मोठ्या चैत्यगृहासमोर उभे राहून फक्त खांब पाहा. अष्टकोनी खांबांच्या दोन्ही रांगा सरळ उभ्या नाहीत. त्या वरच्या बाजूला किंचित आत कललेल्या आहेत. लाकडी घरात कमानदार छप्पर खांबांना बाहेर ढकलू पाहते, म्हणून सुतार खांब आत कलता ठेवतो. डोंगरातून कोरून काढलेल्या खांबावर तसा कोणताच दाब नसतो, तरीही कारागिराने तो कलता ठेवला, कारण खांब असाच असतो हे त्याच्या हाताला माहीत होते. यजमानांना नेलेत तर त्यांना आधी काही सांगू नका. ओळंबा लावावा तसे डोळ्यांनी पाहायला सांगा आणि खांब कशाने कलले असतील ते विचारा. वीज मंडळात आयुष्य काढलेल्या माणसाला ताण आणि आधार यांचे हिशेब आपल्यापेक्षा लवकर कळतात.

त्यानंतर एखाद्या वेगळ्या दिवशी कार्ले. दोन्ही लेणी एका दिवसात उरकण्याचा मोह टाळा. पन्नास-साठ रुपयांची लोकल वाचवण्यासाठी दुसरे लेणे थकलेल्या पायांनी पाहणे हा खोटा हिशेब आहे. कार्ल्याला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण वाहन निम्म्या वाटेपर्यंत वर जाते. एकवीरा देवीचे स्थान लेण्यालगतच असल्यामुळे रविवारी, नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत तिथे उभे राहायला जागा नसते. मंगळवार-शुक्रवार सोडून मधल्या वारी सकाळी लवकर जावे. इथले खांब सरळ आहेत. मधल्या काळात कोणा कारागिराच्या ध्यानात आले असावे की, दगडाला झुकण्याची गरज नाही. पण मान वर करून पाहाल तर छताला लाकडाच्या फासळ्या आहेत, खऱ्याखुऱ्या लाकडाच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. स्तूपावरची छत्रीही लाकडीच आहे. छताला आधाराची गरज नव्हती, तरी फासळ्यांशिवाय प्रार्थनागृह कसले, असे करवून घेणाऱ्यांना वाटले असणार. इथल्या ब्राह्मी या प्राचीन लिपीतल्या लेखांत वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे व्यापाऱ्याने, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे आणि धेनुकाकट या गावच्या सामी नावाच्या वाढईने, म्हणजे सुताराने, दार घडवल्याची नोंदही तिथेच आहे. दगडाच्या कामावर सुताराचे नाव सापडणे ही मला स्वतःला कार्ल्यातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. दोन-तीन महिने ब्राह्मीची अक्षरे गिरवून गेलात, तर ते नाव तुम्ही बोटाने दाखवू शकाल.

ती अक्षरे गिरवायची कुठे, याचे उत्तर पुण्यातच आहे. पाच पैसे न घालवता सुरुवात करायची असेल, तर मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो. त्यातल्या अजिंठा, वेरूळ, कार्ले आणि ब्राह्मी लिपी या नोंदी सावकाश वाचाव्यात. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर भारतीय कला आणि पुरातत्त्व यांचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. शुल्क पडते ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तरच, आणि तुम्हा-आम्हाला आता प्रमाणपत्र कोणाला दाखवायचे आहे? १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था भारतविद्येचे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीनेही चालवते, १९१० सालचे भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे, आणि डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय तर एक सकाळ राखून ठेवावे असे आहे. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने अनेक वर्षे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची घरे, भांडी, पुरलेले मृत असा संसारच्या संसार उजेडात आणला. मोडी, ब्राह्मी, मूर्तिशास्त्र यांचे अल्प मुदतीचे वर्ग शहरात वर्षभर कुठे ना कुठे चालू असतात. शुल्क भरण्याआधी एक व्याख्यान बसून ऐकू द्याल का, असे मोकळेपणाने विचारावे. ज्येष्ठांना सहसा कोणी नाही म्हणत नाही. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला तुम्ही शंभरदा गेला असाल, पण आता एकदा फक्त बाहेरचा वर्तुळाकार नंदीमंडप पाहायला जा. आठव्या शतकाच्या सुमाराचे ते लेणे आहे आणि वाहतुकीच्या गोंगाटापासून चाळीस पावलांवर आहे.

एवढी तयारी झाली, की मोठा प्रवास. छत्रपती संभाजीनगरला पाच रात्रींचा एकच मुक्काम ठेवावा आणि तिथूनच वेरूळ व अजिंठा करावे. वेरूळ सुमारे तीस किलोमीटरवर आहे, अजिंठा शंभरावर. वारांचा हिशेब मात्र डोळ्यांत तेल घालून करा: अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी सहा स्नेह्यांना गोळा करून, स्वतःच्या नियोजनाचे तोंडभर कौतुक ऐकत मी फर्दापूरच्या फाट्यावर सोमवारी सकाळी नऊ वाजता पोहोचलो. चहावाल्याने पहिला प्रश्न विचारला, "कुणी सांगितलं नाही का?" तो दिवस आम्ही त्याच्याच बाकावर घालवला आणि परतीच्या गाडीत माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही. म्हणून मंगळवारी पुण्याहून निघा, तो दिवस प्रवासात जाऊ द्या. बुधवारी वेरूळ, गुरुवारी विश्रांती आणि शहराजवळची औरंगाबाद लेणी, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी पुन्हा वेरूळ आणि रविवारी परत. वेरूळला दोनदा जाण्याचे कारण नुसते हौसेचे नाही. चौतीस लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन, एवढा पसारा एका दिवसात पायांना झेपत नाही आणि डोळ्यांना तर त्याहून नाही. शिवाय ही लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे ऊन दुपारनंतर आत शिरते. सकाळी अंधारात चाचपडलेली मूर्ती तीन वाजता स्पष्ट दिसते.

कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे, सगळे पाहतातच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलेले ते देऊळ तुम्हीही पाहालच. पण तुमचा धागा १० क्रमांकाच्या लेण्यात आहे. त्याला लोक अजून 'सुतार की झोपडी' म्हणतात. आत गेल्यावर वर पाहा: कार्ल्यात ज्या फासळ्या लाकडाच्या होत्या, त्या इथे दगडातच कोरलेल्या आहेत. मधे काही शतके उलटली, लाकूड गेले, पण त्याचा आकार राहिला. अजिंठ्याला २६ क्रमांकाच्या चैत्यगृहातही तशाच दगडी फासळ्या दिसतील, आणि त्याच डोंगरात नऊ-दहा क्रमांकांची जुनी चैत्यगृहे असल्यामुळे दोन काळांची तुलना एकाच दुपारी करता येईल. भाज्यापासून इथपर्यंत आलेल्या माणसाला ते छत पाहताना जे वाटते, ते चौदा ठिकाणांच्या सहलीत कोणी विकू शकत नाही. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही लेणी पुरेशी आहेत. तीसच्या तीस लेणी पायाखालून घालण्याचा पण करू नका.

अजिंठ्याच्या बाबतीत दोन-तीन बारीक गोष्टी. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, तीही पुन्हा पुन्हा. नाडीचे बूट घातलेत तर गुडघे चढण्यापेक्षा वाकण्यानेच जास्त दुखतील, म्हणून मागून पट्टा नसलेली, पण तळ घट्ट असलेली चप्पल घालावी आणि पिशवीत मोज्यांचा जोड ठेवावा. आतला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि फ्लॅश चालत नाही. डोळे सरावायला चार-पाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून गप्प उभे राहावे, मग रंग आपोआप वर येऊ लागतात. छतावरची नक्षी पाहण्यासाठी पक्षी पाहायची लहान दुर्बीण न्यावी. खासगी गाडी फाट्यावर सोडून पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. सुरुवातीचा चढ नको असेल तर डोली मिळते, आणि डोलीत बसण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त दर आधी ठरवावा.

आता पैशांचे बोलू. एसटीच्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना राज्यभर मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे तिकीट. मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांनाही निम्मेच. म्हणजे आज तुम्ही दोघे एका पूर्ण तिकिटाच्या पैशांत कुठेही जाऊ शकता आणि चार वर्षांनी यजमान फुकट आणि तुम्ही अर्ध्यात. आधार कार्डाची मूळ प्रत जवळ ठेवा. या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत. लेण्यांचे प्रवेशशुल्क तर क्षुल्लक आहे: अजिंठा आणि वेरूळ यांना भारतीयांसाठी माणशी ४० रुपये, भाजे-कार्ल्याला २५. मुक्कामाची साधी स्वच्छ खोली दीड हजाराची, दोघांच्या जेवणखाणाचे दिवसाला आठशे, अजिंठ्यासाठी एक दिवस भाड्याची गाडी चार हजारांची, वेरूळच्या दोन फेऱ्या, मार्गदर्शकाचे मानधन आणि एसटी, असे सारे धरले तरी हा पाच रात्रींचा प्रवास माझ्या अंदाजाने बावीस हजारांच्या आत बसतो. भाजे-कार्ल्याच्या दोन दिवसांना दोन हजारही लागणार नाहीत. तुमच्या साठ हजारांत निम्म्याहून अधिक शिल्लक राहते, आणि त्यात पुढच्या वर्षाचा विषय होतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पे मी सुचवीन. ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि पायऱ्या जवळपास नाहीतच.

रेल्वेने जायचे झाल्यास ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती धरून हिशेब करू नका. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: पुरुषांना ६० आणि महिलांना ४५ वर्षे पूर्ण असली की तो लागू होतो, परंतु एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच. मुलगा किंवा नातवंडे बरोबर असतील तर त्यांचे तिकीट वेगळे काढावे, नाही तर सगळ्यांबरोबर तुम्हीही वरच्या बर्थवर जाल. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. शिवाय युथ होस्टेल्स असोसिएशनच्या नावात तारुण्य असले तरी सभासदत्वाला वयाची वरची अट नाही; देशभर तिची वसतिगृहे आहेत आणि वेगळ्या खोल्या मिळतात का, हे आधी फोन करून विचारता येते. राज्य सरकारची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेमुळे तुम्हाला बहुधा लागू होणार नाही.

तुमच्याजवळ एक गोष्ट आहे, जिचे मोल सहल कंपन्यांना पुरेपूर कळते आणि आपल्याला कळत नाही: तुम्हाला शनिवार-रविवारची गरज नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिना नोकरदारांना सोडून द्या. जानेवारीच्या मध्यानंतर, मधल्या वारी, खोलीचे दर खाली येतात आणि लेण्यांत शांतताही असते. पाऊस झेपत असेल तर ऑगस्टमधले अजिंठा फार सुंदर असते. वाघूर नदीच्या वळणावर पाणी असते. मात्र पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून तुमच्या गुडघ्यांसाठी मी तो सल्ला देणार नाही.

शिकवणाऱ्या माणसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सहसा लोक इथेच काटकसर करतात. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात चौकशी करून सहा-सात जणांचा गट जमवा. त्याहून मोठा नको, मागच्या माणसाला ऐकू येत नाही आणि एकाच्या औषधाच्या वेळेसाठी वीस जण थांबतात. मग पुरातत्त्वाचा पदव्युत्तर अभ्यास करणारा किंवा संशोधन करणारा एखादा विद्यार्थी दोन दिवस बरोबर येईल का, हे त्याच्या विभागात विचारा. असा मुलगा किंवा मुलगी तुमच्या बरोबर लेण्यात बसून दोन तास एका भिंतीवर बोलू शकते, आणि तुम्ही विचारलेल्या भाबड्या प्रश्नावर हसत नाही. त्याचा प्रवास, मुक्काम आणि जेवण तुम्ही करावे आणि वर रोजचे नीट मानधन आधी ठरवून द्यावे. 'पोराला तेवढाच अनुभव' असे म्हणून कोणाला फुकट राबवू नका. सातांत वाटले तर ती रक्कम माणशी फार होत नाही. स्थळावर परवानाधारक मार्गदर्शकही मिळतात. त्यांना सुरुवातीलाच सांगावे की आम्हाला दहाच लेणी पाहायची आहेत आणि घाई नाही. एकदा तसे सांगितल्यावर एक वयस्कर मार्गदर्शक मला म्हणाले, "मग बसा, आज मीही सावकाश बघतो."

राहता राहिले यजमान. दगड त्यांना आवडत नसतील तर आग्रह नको. त्यांचाही एक विषय असू द्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने आणि सोळा तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांवर ताणलेली बारीक जाळी वापरल्यामुळे एवढ्या मोठ्या तबकड्या कमी खर्चात आणि वाऱ्याला तोंड देतील अशा झाल्या. ही जाळी कशी ताणली आहे हे पाहताना तुमचे यजमान तिथून लवकर हलतील असे मला वाटत नाही. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त ती सर्वसामान्यांसाठी खुली असते. एरवी आगाऊ परवानगी घेऊन जाता येते. वाकडेवाडीच्या स्थानकावरून नारायणगावला एसटी आहे. तिथेच एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी जुन्नरमार्गे नाणेघाट करावा. घाटमाथ्यापर्यंत गाडी जाते आणि सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेल्या गुहेपर्यंत थोड्याच पायऱ्या उतराव्या लागतात. गुहेच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांच्या प्रतिमा होत्या. त्या फुटून गेल्या आहेत आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. एक दिवस त्यांचा, एक तुमचा.

मुलाच्या आरक्षणाबद्दल. तो प्रेमाने करतो आहे, म्हणून सरळ नकार न देता त्याला वेगळे काम द्या: संभाजीनगरची खोली त्याने ठरवावी, तळमजल्यावरची किंवा उद्वाहन असलेली, आणि जीएमआरटीच्या परवानगीचा अर्ज त्याने भरावा. कंपनीकडे आगाऊ रक्कम भरली गेली असेल तर रद्द करण्याच्या अटी आजच वाचा. निघण्याची तारीख जवळ येते तशी कपात वाढत जाते आणि फोनवरचे आश्वासन नंतर कोणी मानत नाही, म्हणून जे काही कळवायचे ते लेखी कळवा.

यजमानांना हे उत्तर वाचून दाखवलेत तर फासळ्यांचा भाग गाळलात तरी चालेल. खोडदचे मात्र सांगा, आणि तिथे आवारात मोबाइल पूर्ण बंद ठेवावे लागतात, कारण आपल्या खिशातला फोन त्या दुर्बिणीला आकाशातल्या कोणत्याही ताऱ्यापेक्षा मोठ्याने ऐकू येतो, हेही सांगा.